पट्टी किती झिजली

सेलूला आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं, की मी बत्तीस वर्षं रक्त-लघवी तपासत होते. ‘बाई वर्ध्याला लॅबमध्ये जाते’ एवढंच त्यांना ठाऊक. एकदा तर शेजारच्या काकू भल्या सकाळी बाटली घेऊन दारात उभ्या. मी म्हटलं, काकू, मी दगड तपासते. त्यांनी बाटली पदराआड घेतली आणि विचारलं, “दगडाले काय होते व बाई?”

काकूंचा प्रश्न बरोबर होता. दगडाला काही होत नाही. होतं ते त्याच्या वाटेत येणाऱ्या लोखंडाला. खाणीतून निघालेलं खनिज आधी फोडावं लागतं, मग दळावं लागतं, आणि ते दळताना गिरणीचं पोलाद झिजतं. कोणता दगड किती पोलाद खाईल हे आधी कळलं, तर गिरणीला आतून कोणतं अस्तर लावायचं, किती दिवसांनी बदलायचं, हे ठरवता येतं. ते आधी सांगणं हे माझं काम. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

काम सांगायला सोपं आहे. तीन इंच लांब, इंचभर रुंद, पाव इंच जाड अशी कडक पोलादाची पट्टी घ्यायची. धुऊन, सुकवून तिचं वजन करायचं. ती एका पिंपात बसवायची. पिंपात सुपारीएवढे फोडलेले दगड टाकायचे, बरोबर चारशे ग्रॅम. पिंप सावकाश फिरतं, आतली पट्टी गरगर फिरते, दगड तिच्यावर आपटत राहतात. पंधरा मिनिटं झाली की ते दगड काढून नवे चारशे ग्रॅम. असं चारदा. तासाभरानं पट्टी काढायची, धुवायची, सुकवायची, पुन्हा वजन करायचं. जेवढे ग्रॅम कमी भरले तो त्या दगडाचा आकडा. झालं. एवढ्यासाठी मी बत्तीस वर्षं सेलू-वर्धा बस धरली.

पण ते वजन ग्रॅमच्या दहाहजाराव्या भागापर्यंत घ्यायचं असतं. काटा काचेच्या पेटीत, आणि वारा लागू नये म्हणून खोलीतला पंखा बंद. मे महिन्यात वर्ध्याला पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, हे वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मी कपाळाला रुमाल बांधून बसायची. घामाचा एक थेंब पट्टीवर पडला की आकडा गेला. आमच्या लॅबचे साहेब म्हणायचे, बाई लढाईला निघाल्या.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कारंज्याकडचे एक क्रशरवाले यायचे, काळ्या पाषाणाची खदान होती त्यांची. मशीन विकणाऱ्या कंपनीला आमचा अहवाल द्यायचा होता. येताना संत्र्यांची पिशवी आणली आणि हळूच म्हणाले, “बाई, आमचा दगड जरा गरीब लिवा ना.” गरीब म्हणजे पोलाद कमी खाणारा. मी म्हटलं, तुमचा दगड काय आहे ते पट्टी सांगेल, मी फक्त वाचून दाखवते. संत्री मात्र ठेवून घेतली. गोड होती. आकडा होता तोच गेला.

आणि एक किस्सा कुंकवाचा. दसऱ्याला मी नेमानं नागपूरला जायची, दीक्षाभूमीवर. त्यामुळे लॅबमधली यंत्रांची पूजा मी कधी पाहिली नव्हती. एका वर्षी शिपाई गुलाबरावांनी मनोभावे सगळी यंत्रं पुजली आणि पिंपाजवळ ठेवलेल्या नव्या पट्ट्यांनाही तेल-कुंकू लावलं. नंतर ओल्या फडक्यानं पुसून जागच्या जागी ठेवल्या. मी परत आले, पट्टी घेतली, वजन केलं, चंद्रपूरकडचा चुनखडक लावला. चुनखडक म्हणजे गरीब गाय, पोलादाच्या वाटेला जात नाही. आकडा आला दुप्पट. तीच पट्टी पुन्हा लावली तर त्याच्या निम्मा. तीन दिवस माझ्या डोक्याचा भुगा. शेवटी एका कोऱ्या पट्टीवर ठोकलेल्या नंबरच्या खाचांत लाल दिसलं. पहिल्या वजनात कुंकू होतं, तासाभरात ते निघून गेलं, आणि त्याचा आळ चुनखडकावर आला. तेव्हापासून नवी पट्टीसुद्धा स्पिरिटनं धुतल्याशिवाय मी काट्यावर ठेवली नाही. गुलाबराव कानकोंडे झाले होते. मी मात्र हा किस्सा पुढं कित्येक वर्षं मिरवला, की चिमूटभर कुंकवाची चोरी आम्ही पकडतो.

हे मुद्दाम सांगितलं. कारण ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिथं माझ्या डोळ्यांसमोर पोतंभर गोष्ट होती आणि मी ती पकडली नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या जाम गावाच्या पुढं हायवेला लागून एक कारखाना आहे. भंडाऱ्याकडून मॅंगनीजचं खनिज ट्रकनं येतं, ते दळून त्याची पूड बाहेर जाते. त्यांनी नवी गिरणी बसवली. गिरणी म्हणजे आडवं ठेवलेलं मोठं पोलादी पिंप, आत पोलादाचे गोळे, आणि पिंप झिजू नये म्हणून आतून जाड पोलादी फरशा नटबोल्टनं आवळलेल्या. त्यांना लायनर म्हणतात. लायनर कोणत्या पोलादाचे घ्यायचे ते ठरवायला त्यांनी आमच्याकडं खनिजाचं पोतं पाठवलं.

ते पोतं मला आजही दिसतं. मी ट्रेमध्ये ओतलं आणि बघत राहिले. काळेभोर, चकचकीत, वजनदार ढेकळं. मातीचा कण नाही. धुतलेली असावीत इतकी स्वच्छ. आमच्याकडं येणारी पोती म्हणजे माती, काड्या, बिडीची थोटकं. मी साहेबांना बोलावून दाखवलं, की बघा, लोकांनी नमुना असा पाठवावा. निवडलेली तूर सुपात घेतल्यावर बाईमाणसाला जसं बरं वाटतं तसं मला वाटलं.

मॅंगनीजच्या दगडात बहुधा गारगोटीच्या पांढऱ्या रेघा असतात. पोलाद खाते ती गारगोटी. मॅंगनीज बिचारं तिच्या संगतीनं बदनाम होतं. या पोत्यात एकही पांढरी रेघ नव्हती. मला ते दिसलं. मनात आलंही, की अशी खाण कुठं आहे बुवा? पण आमच्या फॉर्मवर ‘शेरा’ नावाचा एक रकाना आहे, तो कोरा ठेवायची आमची रीत होती. साहेबांचं सांगणं असे, की आपण आकडा द्यायचा, अक्कल नाही. अहवालाच्या तळाशी ओळ छापलेलीच असते: निष्कर्ष केवळ प्राप्त नमुन्यापुरता. ती ओळ म्हणजे आमची छत्री. मी तास चालवला, पट्टी जेमतेम झिजली, आकडा लिहिला, शेरा कोरा ठेवला, आणि बस पकडून घरी आले.

पाच-साडेपाच महिन्यांनी एक माणूस लॅबच्या दारात उभा राहिला. पन्नाशीचा, अंगात खाकी शर्ट, हातात दुपट्ट्यात बांधलेलं काहीतरी जड. “जय भीम ताई,” म्हणाला, “मी नामदेव. जामच्या कारखान्यात फिटर हावो.” मग जरा थांबून म्हणाला, “होतो.”

त्यानं दुपट्टा सोडला. आत लायनरचा तुकडा होता. वर्षभर टिकायचा लायनर चार महिन्यांत पोळीएवढा पातळ झाला होता. गिरणीला भोक पडून पूड गळायला लागली, काम थांबलं. वरून विचारणा झाली. मॅनेजरनं आमचा अहवाल काढून दाखवला: खनिज मऊ आहे, लॅबनं लिहून दिलंय, म्हणजे लायनर बसवणाऱ्यानं बोल्ट ढिले ठेवले, लायनर हलले आणि हलून झिजले. लायनर बसवले होते नामदेवनं. त्याला घरी बसवलं होतं आणि पुढच्या सोमवारी चौकशी होती. त्यात दोष कायम झाला, की बावीस वर्षांची नोकरी गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

त्याचा आवाज चढला नाही. मला तुकडा हातात दिला आणि म्हणाला, हात फिरवून पाहा. मी फिरवला. ढिला लायनर हलतो तेव्हा कडेला आणि बोल्टच्या भोकाशी झिजतो, भोक लांबट होतं. इथं भोक गोल होतं. आणि तोंडावर इकडून तिकडं एकसारखे बारीक चरे होते. माझ्या पट्टीवर गारगोटीच्या दगडानं पडतात, तसेच.

“बोल्ट मी माह्या हातानं आवळले ताई. पोरीच्या लग्नात मांडवाची दोरी आवळली नसंन इतक्या जोरानं आवळले,” तो म्हणाला. “तुमी लिवलं का दगड गरीब हाय. मंग ह्याले खाल्लं कोनं?”

माझ्याकडं उत्तर होतं. ते पोतं डोळ्यांपुढं उभं राहिलं. तरी पहिलं वाक्य तोंडातून काय निघावं? “भाऊ, आम्ही आलेल्या नमुन्यापुरतंच लिहितो.” छत्री उघडली मी. त्यानं तुकडा उचलला नाही, टेबलावरच ठेवला आणि गेला. स्वतःची एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

राखीव नमुना आम्ही सहा महिने जपतो. तो काढून पाहिला. एकही पांढरी रेघ नाही. मग मी कारखान्याच्या मॅनेजरला फोन केला, की जुन्या चाचणीची खात्री करायची आहे, फुकट करून देऊ, नमुना मी स्वतः घेईन. फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? शिवाय त्यांना वाटलं, मऊ दगड पुन्हा मऊच ठरेल आणि तो कागद सोमवारी चौकशीत कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी जामला उतरले. नामदेव चहाच्या टपरीवर बसला होता. त्याला गेटच्या आत यायची मनाई होती. मी येणार हे त्याला कळवलं होतं. तो उठून उभा राहिला.

गिरणीत माल नेणारा सरकता पट्टा मी थांबवायला लावला. पट्ट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन हात लांबीचा सगळा माल, खालच्या भुकटीसकट, ब्रशनं झाडून पोत्यात भरला. नमुना असा घ्यायचा असतो. आवडीनिवडीला जागाच ठेवायची नाही. त्या मालात पांढऱ्या रेघा इतक्या होत्या, की मोजायची गरजच पडली नाही.

मग यार्डात गेले. तिथं निंबाच्या सावलीत पाच-सहा बाया दगड निवडत बसल्या होत्या. त्यांची पुढारी कौसल्याबाई, जामच्याच बाजूच्या खेड्यातली, हाताला काळी पूड कायमची बसलेली. ट्रकमधून आलेला माल या बाया दोन ढिगांत लावायच्या. निव्वळ काळा, चांगला दगड एकीकडं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला तसाच ढेकळांनी जायचा. पांढऱ्या रेघांचा दुसरीकडं, तो गिरणीत. म्हणजे गिरणीला चांगला दगड कधी मिळतच नव्हता. मी विचारलं, की आमच्या लॅबला पोतं पाठवलं होतं, ते कोणत्या ढिगातलं?

कौसल्याबाईनं अभिमानानं चांगल्या ढिगाकडं बोट दाखवलं. “मीच भरलं माय थे पोतं. मुकादम म्हने, वर्ध्याच्या लॅबमंदी जाऊन राह्यलं, कागद होनार हाय. मंग वंगाळ दगड कसा धाडाव? एकेक पाहून घेतला. दोन बकिटा पानी घालून धुतलाबी.” आणि मग माझं तोंड पाहून विचारलं, “काऊन? चांगला नव्हता का?”

शाळेत साहेब तपासणीला येणार म्हटलं की माझी आई माझा फ्रॉक रात्रीच उशीखाली घडी करून ठेवायची. पाहुण्याच्या ताटात करपलेली भाकर आपण कोणीच वाढत नाही. कौसल्याबाईनं खोटेपणा केला नव्हता. मुकादमानं केला नव्हता. मॅनेजरनं अहवाल वाचला तो खरा होता. माझा आकडासुद्धा खरा होता. सगळे आपापल्या जागी खरे, आणि नामदेव घरी बसलेला. यांच्यात दगडाची जात ओळखणारी मी एकटीच होते, आणि मी त्या पोत्याचं कौतुक करत उभी राहिले होते.

मी म्हटलं, “लय चांगला होता बाई. तीच चूक झाली.” तिला ते काही समजलं नाही. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं, नामदेवचं नाव घेऊन. तिनं हातातला दगड खाली ठेवला. “नामदेवभाऊले माह्या धुन्यानं घरी बसोलं?” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, नाही, माझ्या न लिहिण्यानं.

शुक्रवारी चाचणी लावली. गारगोटीचा दगड पिंपात पडला की आवाजच वेगळा येतो, कर्कश, दातांत जातो. तासानं पट्टी काढली तर तिचे पुढचे दोन्ही कोपरे गोल झाले होते. आकडा पहिल्याच्या चौपट. मी तीनदा वजन केलं, पंखा बंद, रुमाल बांधून.

साहेबांपुढं दोन्ही अहवाल ठेवले. नव्या अहवालात शेऱ्याचा रकाना मी भरला होता: आधीचा नमुना निवडलेला होता; गिरणीत जाणारा माल हा आहे; आधीच्या नमुन्यात गारगोटी नसल्याचं चाचणी करणारीच्या तेव्हाच लक्षात आलं होतं, ते नोंदवलं गेलं नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. पहिली दोन पुरेशी आहेत, म्हणाले. तिसऱ्यानं फिटरचा काही फायदा नाही, तुमचं मात्र नाव जाईल. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? मी म्हटलं, साहेब, तिसरं वाक्य नसलं तर ते म्हणतील लॅबनं फिटरसाठी आकडा फिरवला. लोक विचारतील, आधी काऊन नाही दिसलं? दिसलं होतं हेच खरं आहे. साहेबांनी टेबलावरचा लायनरचा तुकडा उचलला, त्यावरून अंगठा फिरवला. आकड्याखाली स्वतःची सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. शेऱ्याखाली तुम्ही करा, म्हणाले. मी केली. बत्तीस वर्षांत आमच्या अहवालावरची ती माझी पहिली सही.

सोमवारी चौकशीत तो कागद वाचला गेला. गोल भोकांचा लायनर टेबलावर ठेवला गेला. नामदेवला कामावर घेतलं. कडक पोलादाचे नवे लायनर त्यानंच बसवले. माफी त्याला कोणी मागितली नाही.

म्हणून मी मागायला गेले, जामला, त्याच टपरीवर. त्यानं चहा सांगितला. मी बोलले ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, तुमी पयलेच दोन शब्द लिवले असते तं मी घरी बसलो नसतो. माही बायको महिनाभर नळावर गेली नाई. बाया इचारतात म्हनून. पोरगा पानी आने.” रागावून नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. ‘जाऊ द्या ताई’ असं तो म्हणेल असं मला वाटत होतं. तो म्हणाला नाही. चहा मात्र त्यानं मला पाजला.

त्यानंतर त्या कारखान्याचा नमुना कुरिअरनं कधी आला नाही. नामदेव स्वतः आणायचा, पट्ट्यावरून झाडून घेतलेला, भुकटीसकट. माझ्यासमोर ट्रेमध्ये ओतायचा आणि म्हणायचा, “पाहून घ्या, मंग लिवा.” मी दगड पाहायची आणि चाचणीच्या आधी शेरा लिहायची: रंग काय, गारगोटी किती, माती किती, कोणी भरला, कुठून भरला. तो उभा राहून वाचायचा. वाचून झालं की जायचा. एकदा पोत्यात हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. नामदेव म्हणाला, कौसल्याबाईनं सांगून पाठवलंय, काहीच निवडलं नाही. मी तोही शेऱ्यात लिहिला.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारी समारंभ होता. शाल-श्रीफळ, भाषणं, साहेबांनी कुंकवाचा किस्सा सांगितला, सगळे हसले. नेमका त्याच सकाळी नामदेव पोतं घेऊन आला. माझी जागा घेणारी मुलगी, एम.एस्सी. झालेली, हुशार, तिनं पोतं उतरवून घेतलं, फॉर्म भरला, नंबर टाकला. हात तिचे चपळ, माझ्यापेक्षा चपळ. शेऱ्याचा रकाना तिनं कोरा ठेवला आणि पावती फाडून नामदेवच्या हातात दिली.

नामदेवनं पावती घेतली. पण तो गेला नाही.

तिनं विचारलं, काका, अजून काही राहिलं का? तो माझ्याकडं बघत उभा राहिला. मी खुर्चीत बसून होते. माझ्या हातून कोरा राहिलेला तो एक रकाना या माणसानं माफ केला नव्हता, आणि करणारही नव्हता. आणि म्हणूनच तो दरवेळी जामहून इथवर येत होता. हे मला त्या क्षणी कळलं.

मी उठले. त्या मुलीला सगळं सांगितलं, पोत्यापासून नळापर्यंत, त्याच्यासमोर. माझी चूक त्यात होती तशी सांगितली.

तिनं फॉर्म पुन्हा पुढं ओढला, पोत्याचं तोंड सोडलं आणि सगळे दगड ट्रेमध्ये ओतले. एक उचलून खिडकीशी नेला, उजेडात फिरवून पाहिला आणि लिहायला लागली. नामदेव तिच्या खांद्यावरून वाचत होता.